मोबाइलचा पहारा

बन्सीलाल नानांचा मोबाइल त्या दुपारी देव्हाऱ्याजवळ चार्जिंगला लावलेला होता, आणि पूजेच्या ओघात पुष्पाबाईंनी गणपतीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

"अहो, हे इथी कशाले ठेवलं?" हातातलं निरांजन सावरत त्या म्हणाल्या.

"राहू दे. आज त्याचीबी पूजा झाली ते बरंच झालं."

त्यात नवल नव्हतं. संध्याकाळी फुटबॉलच्या वर्ल्डकपची तिकिटं ऑनलाइन सुटणार होती, आणि रावेरजवळच्या त्या केळीच्या गावात त्या तिकिटावर एका घराचं सुख अडकलं होतं. नानांची मुलगी मोनाली अमेरिकेत ह्युस्टनला असायची. चार वर्षांपासून ती आईबापाला बोलवत होती आणि चार वर्षं नाना टाळत होते. कधी केळीचे घड कापणीला आलेले, कधी सप्ताह तोंडावर. नात झाली, रांगली, चालू लागली. तिनं आजोबा पाहिला तो फक्त तळहाताएवढा, मोबाइलमधला. यंदा मोनालीनं फासा बरोबर टाकला. "नाना, वर्ल्डकपची मॅच माझ्याच गावात आहे." धुळ्याला कॉलेजच्या टीमचे गोलकीपर असलेले नाना बोलून गेले, "तिकीट मिळालं तर येतो."

बोलताना त्यांना वाटलं होतं, मिळतं कशाला. पण आठच दिवसांत अशी गत झाली, की केळीच्या बागेत पाणी धरतानाही दोन खांबांमध्ये ते गोल पाहू लागले.

मोनालीनं फोनवर सगळं समजावून ठेवलं होतं. "माझ्याच खात्यावर मी इथून रांगेत उभी राहते, तुम्ही तिथून राहा. ज्याचा नंबर आधी लागेल त्यानं घ्यायची. फक्त स्क्रीन विझू देऊ नका, विझली की रांगेतून बाहेर. कुणाचा फोन आला तर कट करा. आणि पान हिरवं झालं की लगेच बटण दाबा, तिथे ते फार वेळ थांबत नाहीत."

सगळं ठीक होतं. अडचण एकच. त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळात, सप्ताहातला वीणेचा पहारा नानांचा होता.

ज्यांनी सप्ताह पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. पहारेकऱ्यानं बसायचं नाही, बोलायचं नाही, बदली येईपर्यंत मंडप सोडायचा नाही. देताना पाया पडायचं, घेताना पाया पडायचं. हे नियम गावातल्या पोरांना दरसाल घोकून घेणारा माणूस म्हणजे बन्सीलाल नाना स्वतः.

"मंग पहारा बदलून घ्या ना," पुष्पाबाई म्हणाल्या.

"मीच बदलून मागितला तर उद्या पोरं काय म्हनतील? तू धर ना मोबाइल."

"पंगतीची बट्टी कोन करीन? पिठाच्या हातानं ते मोबाइल चालते का?"

नाना विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. माणूस ज्या वाटेनं रोज जातो, संकटात त्याच वाटेनं पळतो. त्यांनी मोबाइललाही पहारा लावला.

पहिला पहारा जितेंद्रचा. गावात त्याचं केळीचं पॅकहाउस होतं, थोडंफार इंग्रजी येत होतं. मंडपाच्या खांबाशी तो मोबाइल घेऊन उभा राहिला. पान उघडलं, रांग लागली, एक छोटासा माणूस रेघेवरून मुंगीच्या पावलानं सरकू लागला. समोर वीणा गळ्यात घालून नाना उभे. पखवाजावर थाप पडली, भजन सुरू झालं. नानांचं एक मन पांडुरंगाकडे आणि दुसरं त्या छोट्या माणसाकडे. पांडुरंगाला याचा राग येत नाही, त्याला प्रपंचातली माणसं ठाऊक आहेत.

तेवढ्यात जितेंद्रला निरोप आला, की पॅकहाउसला गाडी लागली आहे आणि हमाल खोळंबलेत. त्यानं आजूबाजूला पाहिलं. पुढचा पहारा हिलाल आबांचा होता, आणि आबा वेळेच्या आधीच धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून हजर होते. त्यांनी आधी मोबाइलच्या आणि मग जितेंद्रच्या पाया पडून घेतलं.

"आबा, स्क्रीन विझू द्यायची नई. बोट फिरवत राहायचं. फोन आला की हे लाल दाबायचं. अन् खाली ठेवायचा नई."

"मले शिकवू राह्यला का? चाळीस वर्सं झाली पहारा करून."

जितेंद्र गेला. आबांनी मोबाइल छातीशी उभा धरला, डोळे अर्धे मिटले, आणि वीणेची तार छेडावी तसं एका बोटानं स्क्रीन कुरवाळू लागले. समोरून नाना पाहत होते. त्यांचं मन भरून आलं. असा पहारेकरी मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना वाटलं.

भजन रंगात आलं आणि नानांना दिसलं, की आबांच्या पांढऱ्या दाढीवर हिरवा उजेड पडला आहे.

नंबर लागला होता.

नानांनी भुवया उंचावल्या. आबांनी मान डोलावली. नानांनी डोळे मोठे केले, हनुवटीनं मोबाइलकडे खूण केली. आबांना वाटलं, बन्सीचा भाव दाटून आला. त्यांनीही डोळे मिटले आणि आणखी प्रेमानं डोलू लागले. नानांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या बदलीचा माणूस अजून आला नव्हता. बोलता येत नव्हतं, वीणा काढता येत नव्हती. पण मंडपातल्या मंडपात चालायला बंदी नव्हती. नाना पावली खेळत निघाले. दोन पावलं पुढे, एक मागे, पुन्हा दोन पुढे, डोळे आबांच्या दाढीवर.

एरवी खांबासारखा उभा राहणारा माणूस वीणा घेऊन नाचतो आहे म्हटल्यावर टाळकऱ्यांच्या अंगात वारं शिरलं. "आज नानाले देव भेटला," कुणीतरी म्हणालं. सगळे उठले. पखवाजवाल्यानं लय दुप्पट केली. बघता बघता नानांभोवती रिंगण झालं. नाना डावीकडून निघायला बघायचे, तर डावीकडचा टाळकरी पुढे येऊन फुगडीला हात द्यायचा. उजवीकडे वळले, तर म्हातारी तानुबाई भर पावलीत त्यांच्या पायाला हात लावून गेली. खांद्यांच्या फटीतून हिरवी दाढी दिसे आणि मिटे. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून तर मंडपातल्या बायकांनाही रडू आवरेना.

रिंगण सुटलं तेव्हा आबांची दाढी लाल झाली होती; नंबर निघून गेला होता.

बदलीवाला धावत आला, वीणा त्याच्या गळ्यात गेली, आणि नाना आबांपुढे जाऊन उभे राहिले.

"आबा, हिरवं झालं होतं ना?"

"झालं होतं. लय देखणं झालं होतं."

"मंग हाक काऊन नई मारली?"

आबांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "पहाऱ्यावर बोलता येते का बन्सी? तूच तर पोरांले सांगतो."

नाना मागे वळले. ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. पंगतीकडून पुष्पाबाई आल्या, कोपरापर्यंत पीठ. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच त्यांना सगळं कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "बिगर तिकिटाचं पोरीकडे जाता येत नई का?"

गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू जावा तसा तो प्रश्न गेला. नाना मान खाली घालून पायरीवरचा गुलाल बोटानं पुसत राहिले. चार वर्षांतली एकेक सबब त्यांना आठवू लागली, आणि आज त्यातली एकही त्यांना पटेना.

"जाता येते," ते म्हणाले. "जाऊ. केळी कापून घेईन जितेंद्र."

पुष्पाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पदराबरोबर पीठही लागलं.

मागून आबा आले, मोबाइल अजून छातीशी. "बन्सी, तुही पोरगी लय सतावू राह्यली बा. मघापासून फोन करते. मी कट करतो, ते पुन्हा करते."

पुन्हा वाजला. आबांचं बोट सवयीनं लाल खुणेकडे निघालं होतं, नानांनी ते वरच्या वर धरलं आणि आबांच्याच हातात फोन स्पीकरवर घेतला.

"नाना, किती वेळा कट करता?" मोनालीचा श्वास चढला होता. "आधी सांगा, तिकडे कुणी काही दाबलं तर नाही ना?"

"कोन्ही काहीच नई दाबलं," नाना खोल आवाजात म्हणाले. "तेच तर झालं."

"वाचले मी. अहो, माझाही नंबर त्याच वेळेला लागला. आत गेल्यावर कळलं, एका खात्यावर दोघं शिरले आणि दुसऱ्यानं एखादं बटण दाबलं, तर पहिल्याची तिकिटं रद्द. म्हणून तर जीव तोडून फोन करत होते. मिळाली नाना, दोन मिळाली. तुमची आणि आईची. फक्त जागा बेकार आहे. गोलच्या जाळीमागची. तिथून मैदान नीट दिसत नाही."

नानांनी आपल्या उजव्या हाताच्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं. धुळ्याच्या मैदानावर चेंडू अडवताना ती मोडली होती.

"पोरी," ते म्हणाले, "मी उभ्या जन्मात खेळ तिथूनच पाह्यला."

"अन् मी तिथी काय करू?" पुष्पाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "मले त्यातलं काय समजते?"

"आबाले इचार," नाना म्हणाले. "काहीच करायचं नसते. प्रेमानं उभं राहायचं असते."

हिलाल आबांना तिकिटाचं काही फारसं कळलं नव्हतं. पंगतीकडून वरणाच्या फोडणीचा वास येत होता आणि त्यांचं लक्ष तिकडे होतं.

"ते सगळं खरं," ते म्हणाले, "पन माह्या बदलीवर कोन्ही आहे का नई? हात भरून आला, अन् बट्टी थंडी होऊ राह्यली."

नाना उठले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी नीट केलं, आबांच्या पायावर डोकं ठेवलं, मोबाइल कपाळाला लावला आणि मग हातात घेतला. आत मोनाली केव्हाची विचारत होती, "हॅलो नाना, ऐकू येतंय ना?" पण पहारा हातात आलेला होता, आणि नाना क्षणभर बोलले नाहीत.