दहा नंबर

विमलबाईंना आठवडाभर कोणाशी बोलायचं नव्हतं. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. जखम भरली होती, पण कर्जतच्या घरी विश्रांती मिळणं शक्य नव्हतं, कारण साऱ्या आळीत स्वेटर विणता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. सकाळी आठपासून दारात कोणीतरी अर्धवट मोजा घेऊन उभं असे. "वैनी, टाच कशी वळवायची?" "वैनी, सुलट दोन का उलट दोन?" शेजारची सोनुबाई तर विणकाम नाकासमोर धरूनच आत यायची आणि रोज त्याच उंबऱ्याला अडखळायची.

त्यातच खोपोलीला येसाजींच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. येसाजी म्हणजे विमलबाईंचे यजमान. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. बारसं रविवारी ठरलं. त्यांची बहीण बायजा लोधिवलीहून आली आणि वाटणी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे बायजाचा. स्वेटर काकूचा, म्हणजे विमलबाईंचा.

"मी नावात पडत नाही, वन्सं. तुम्ही लोकरीत पडू नका."

"माजं काय जातंय," बायजा म्हणाली. पण तिचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

डॉक्टरांचं किहीमला समुद्रकाठी दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. त्याला ते कॉटेज म्हणत. त्यांनी हवापालटासाठी किल्ली दिली. सोमवारी विमलबाई पिवळी लोकर आणि दहा नंबरच्या सुया घेऊन एस. टी.त बसल्या. दहा नंबरच्या दोन जोड्या होत्या. दुसरी ऐनवेळी सापडली नाही.

दोन दिवस स्वर्गात गेले. खिडकीशी खुर्ची, समोर माड, त्यापलीकडे समुद्र. राखणदार हिरू दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचा. पाठ झाली, बाह्या झाल्या. बुधवारी सकाळी विमलबाई पुढची बाजू खुर्चीवर ठेवून विहिरीवर गेल्या. परत आल्या तेव्हा सुई खिडकीच्या कोयंड्यात होती. अर्धी. उरलेली अर्धी खाली पडली होती.

"वाऱ्यानं खिडकी आपटत व्हती, बाई," हिरू म्हणाला. "दोन काड्या व्हत्या. मी येकच घेतली."

चौऱ्याऐंशी टाके मोकळे झाले होते. हिरूने माडाचा हीर तासून गुळगुळीत करून दिला; तो तिसऱ्या टाक्यालाच वाकला. गावात दहा नंबरची सुई कोणाकडे नव्हती. विमलबाई पोस्टात गेल्या आणि तार केली. "टाके सुटले. सुई मोडली. दहा नंबर ताबडतोब पाठवा." त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

तार साडेदहाला दुकानात पोचली. येसाजींनी ती मोठ्याने वाचली, हीच चूक झाली.

"टाके सुटले?" तेल घ्यायला आलेल्या सोनुबाईने बाटली खाली ठेवली. "दीड म्हयन्यानी?"

"खारी हवा," दवाखान्याचा कंपाउंडर नामा म्हणाला. डॉक्टर शनिवारपर्यंत मुंबईला होते, त्यामुळे सगळं वैद्यकशास्त्र त्याच्याकडे होतं. "शिवण सैल पडते."

"आन् सुई मोडली! आंगातच मोडली आसल गं बया!"

"ते ठीक हाय," येसाजी घाम पुसत म्हणाले, "पण दहा नंबर काय?"

नामा ताठ झाला. दवाखान्यातल्या औषधांना नंबर होते. चार खोकल्याचं, सात तापाचं, दहा पोटाचं. "टाके पोटाचे, औषध पोटाचं. वैनींना नंबर पाठ हाय! पेशंट आसावा तर आसा."

"येक बाटली पुरंल?"

"तारेत किती ते नाय लिवलेलं. कॅनच भरतो."

आळीतल्या गजाच्या टेंपोत पेंढा होता. तो रस्त्यावरच उतरवला. आडवं आणायची वेळ आली तर म्हणून एक बाज चढवली. रक्त द्यावं लागलं तर म्हणून आळीतल्या सहा बायका चढल्या. सोनुबाई बाजेवर बसली, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

लोधिवलीला बायजाला घ्यायला टेंपो थांबला. तिने तार वाचली. "दहा नंबर..." एवढंच पुटपुटली. मग आत गेली आणि गाठोडं घेऊन आली.

"काय हाय गं त्यात?" येसाजींनी विचारलं.

"लुगडं."

वाटभर तिने गाठोडं सोडलं नाही. डोळ्याला पदर होताच. "नणंद आसावी तर आशी," सोनुबाई बाकीच्यांना म्हणाली. पेणच्या पुढे बायजाने हळूच विचारलं, "दादा, वैनीनं तारेत माजं नाव घेतलंय का रं?"

"तुजं कशापायी घेईल?"

बायजाने देवाचं नाव घेतलं.

चार वाजता टेंपो कॉटेजसमोर उभा राहिला. विमलबाई खिडकीशी केसातल्या पिनेने एकेक टाका उचलून दोऱ्यात ओवत होत्या. एकोणचाळीस झाले होते. सहा बायका एकदम रडत आत शिरल्या आणि त्यांना उचलून बाजेवर ठेवलं. दोरा निसटला. टाकेही.

"अहो, सुई आणलीत का?" विमलबाई ओरडल्या.

"सुई काढायलाच आलोय! कुठल्या दंडात हाय?" येसाजींनी दोन्ही दंड चाचपले. विमलबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नामाने दहा नंबर आत ओतलं.

कडू घोट गिळून झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हंजी लोकरीच्या सुया?" येसाजी म्हणाले.

"मग काय गोधडीच्या? रविवारी बारसं आहे. सुई नाही, स्वेटर नाही. पोरीला काय, हा कॅन नेऊ?"

तेव्हा बायजाने गाठोडं सोडलं. आत दहा नंबरच्या सुयांची जोडी होती. तिच्यावर हिरव्या लोकरीची वीतभर पाठ होती. लहान बाळाचीच.

"वैनी, तुज्या कपाटातनं मीच नेल्या व्हत्या. तार वाचली तवाच समजलं, की तुला समजलं."

"तुला समजलं व्हतं?" येसाजींचा आवाज चढला. "मंग बोलली का नाय गं? बाज आनली आमी, बाज!"

"बोलली आसती तर सुया कुठं हायत ते इचारलं आसतं ना समद्यांनी!"

विमलबाईंनी हिरवी पाठ उलटून पाहिली. "काखेचे टाके घटवले नाहीत, वन्सं," एवढंच म्हणाल्या आणि ती दोऱ्यावर उतरवून सुया मोकळ्या केल्या.

रात्री हिरूने पाहुण्यांसाठी शिवल्यांचा, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या कालवणाचा, मोठा टोप चढवला. विमलबाईंना पथ्य होतं, गजा टेंपोत झोपला होता; बाकी साऱ्यांनी दोनदा घेतलं. जेवणं आटोपल्यावर सोनुबाईने कमरेची पिशवी सोडली. "वैनी, आलोच हाय तर येवढी टाच बगता का?" पाठोपाठ बाकीच्या पाच पिशव्या सुटल्या. रक्त द्यायला निघतानाही कोणी मोजे विसरलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे गजा टेंपो चालू करत होता. विमलबाई सुया, लोकर आणि पिशवी घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसल्या. येसाजी टॉवेल गुंडाळून धावत आले.

"आगं, कुठं निघालीस?"

"विश्रांतीला. तुम्ही सगळे इथे हवा खा. शनिवारी गजा न्यायला येईल."

कर्जतची आळी मोकळी होती. दुकान बंद, दवाखाना बंद, सोनुबाईच्या दाराला कुलूप. विमलबाईंनी दार लोटलं आणि चौऱ्याऐंशी टाके पुन्हा घातले. दोन दिवस एकही हाक आली नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शेवटचं बटण लावलं. मग चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायला. असं लग्नानंतर प्रथमच झालं.

शनिवारी सकाळी गजा टेंपो घेऊन दारात आला, त्याच वेळी तारवालाही आला. तार येसाजींची होती. "सर्वांचे हाल. कॅन संपला. दहा नंबर ताबडतोब पाठव."

विमलबाईंना तो शिवल्यांचा टोप आठवला. त्यांनी तार दोनदा वाचली. तिच्यातही एकही शब्द जास्त नव्हता. मग त्या आत गेल्या आणि लांबट पुडकं घेऊन बाहेर आल्या.

"हे दे त्यांना. दहा नंबर आहे."

"आवषीद काय, वैनी?" गजाने विचारलं.

"जपून ने," विमलबाई म्हणाल्या. "मोडतील."