परिच्छेद तेरा: तात्यांना दवाखान्यात नेणे

बायकोचा फोन आला तेव्हा कंसमामा विमानांच्या धुराचा बारावा परिच्छेद तपासत बसले होते. खरं नाव त्यांचं वेगळं, पण परिषदेच्या कार्यालयात ते नाव कुणाला आठवत नव्हतं. विमानांनी हवेत किती कार्बन सोडायचा यावर एकशे त्रेचाळीस देश अकरा वर्षं बोलत होते (बोलायला येत होते ते अर्थातच विमानाने), आणि त्या बोलण्याचा मसुदा सांभाळायचं काम यांचं. ज्या मजकुरावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकायचा, हा नियम. एकदा मजकूर कंसात गेला की सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय तो काढता येत नाही, हाही नियम. मसुद्यात कंसाबाहेर आता फक्त शीर्षक उरलं होतं.

"अहो, ऐकताय ना? शनिवारी सकाळी आठला तात्यांना दवाखान्यात न्यायचंय. मोतीबिंदूचं."

"लक्षात आहे गं."

"मागच्या दोन्ही वेळेला हेच म्हणालात. मी इथे लेकीच्या बाळंतपणात अडकलेय आणि तात्या परक्या माणसाबरोबर जायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणालेत, या वेळी चुकलं तर सहा महिने नंबर नाही. तोवर म्हाताऱ्याला काय दिसणार, डोंबल?"

"लिहूनच ठेवतो, बघ."

आणि त्यांनी लिहून ठेवलं. समोर मसुदाच होता, म्हणून बाराव्या परिच्छेदाखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: तात्यांना शनिवारी सकाळी आठला दवाखान्यात न्यावे. लिहून झाल्यावर हाताने आपोआप दोन्ही बाजूंना चौकोनी कंस काढले. अकरा वर्षांची सवय. शिवाय घरी दिलेला शब्द पाळला जाईलच याची खात्री त्यांना स्वतःलाही नव्हती. मग चहा आला, चहाबरोबर चार फायली आल्या आणि मसुदा टायपिंगला गेला.

गुरुवारी सकाळी तो सहा भाषांत छापून प्रत्येक देशाच्या टेबलावर पडला. पान सात, परिच्छेद तेरा.

कंसमामा धावतच टायपिस्टबाईंकडे गेले. "बाई, अहो हे काय केलंत? विमानांच्या करारात माझे तात्या कुठून आले?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कंसात होतं साहेब. कंसातलं मी गाळत नाही. पहिल्या वर्षी एक स्वल्पविराम गाळला होता, तर दोन देश सभा सोडून गेले होते. तुम्हीच मला झापलं होतं."

कंसमामा अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष पाठीला उशी लावून बसले होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त व्हायचे होते, पण नव्या अध्यक्षाच्या नावावर एकमत होत नव्हतं.

"अध्यक्ष महाराज, माझी चूक झाली. परिच्छेद तेरामधले तात्या म्हणजे माझे वडील आहेत."

"कंसात आहेत?"

"आहेत."

"मग आता ते सभागृहाचे," अध्यक्ष सुस्कारा टाकून म्हणाले. "विचारून बघतो. अर्ध्या मिनिटाचं तर काम."

त्यांनी विचारलं. तेराव्या परिच्छेदाचा विमानांशी संबंध नाही, तो काढायला कुणाची हरकत? देशाच्या नावाची एकही पाटी वर आली नाही. कंसमामा सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तेलवाल्या देशाच्या प्रतिनिधीने पाटी वर केली.

"आमची मुळीच हरकत नाही," तो गोड हसून म्हणाला. "फक्त काढायचाच तर बारावाही काढू. सोबतच जाऊ देत बिचारे."

बारावा परिच्छेद म्हणजे दहा वर्षांत विमानांचा धूर निम्मा करायचा. अख्ख्या मसुद्यात कामाचं वाक्य ते एकच. त्याबरोबर मागच्या रांगेतला बेटवाल्या देशाचा प्रतिनिधी ताडकन उभा राहिला. "बाराव्याला हात लावाल तर खबरदार! आमच्या शाळेच्या पायरीला समुद्र लागलाय. तेरावा काढण्यावर आमची हरकत आहे. दोन्ही राहतील!"

"मग चर्चा करा तेराव्यावर," तेलवाला म्हणाला आणि खुर्चीत आरामात रेलला. त्याला तेच हवं होतं.

चर्चा सुरू झाली. 'न्यावे' हे फार बंधनकारक होतं, असं एकाला वाटलं. आमच्याकडे शनिवारी दवाखाने बंद असतात, दुसरा म्हणाला. फक्त तात्याच का, घरातल्या वृद्ध स्त्रियांचं काय, असं एका बाईंनी विचारलं, आणि ते खरंही होतं. कुणीतरी वाहनाचा मुद्दा काढला. तात्यांना ज्यातून नेणार त्याच्या धुराचं काय? यावर दुपार गेली. कंसमामा मान खाली घालून सगळं टिपून घेत होते. स्वतःच्या बापाभोवती कंसामागून कंस घालताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मधल्या सुट्टीत बेटवाल्याने त्यांना गाठलं. "हे तात्या कोण हो?"

"माझे वडील."

"अरेरे." त्याने कप खाली ठेवला. "मला माफ करा. पण ते कंसात आहेत तोवर आमचा बारावा जिवंत आहे. थोडं थांबतील का?"

"त्यांना सवय आहे," कंसमामा म्हणाले.

शुक्रवारी सहाला सभा संपायची होती. पाच वाजून पन्नास मिनिटांनी अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि जाहीर केलं की उरलेली चर्चा उद्या सकाळी ठीक आठला. मसुदा अधिकाऱ्याशिवाय सभा भरत नाही, कारण कुठला कंस कुणाचा हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. कंसमामांनी सुट्टी मागून पाहिली. अध्यक्ष म्हणाले, "मलाही हवीय." विषय तिथेच मिटला.

टायपिस्टबाई कागद आवरत हे सगळं ऐकत होत्या.

घरी तात्या तयारीत बसले होते. पिशवीत टॉवेल, तपासण्यांचे कागद, तीन दिवसांचे कपडे, सगळं भरलेलं. "तात्या, उद्या..." कंसमामा दारातच म्हणाले आणि चपला काढायला खाली वाकले.

"बरं," तात्या म्हणाले. एवढंच. मग भिंतीला हात लावत लावत गेले आणि पिशवी कपाटात ठेवून आले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. कंसमामांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी आठला सभा बसली. टायपिस्टबाईंची खुर्ची रिकामी होती. अकरा वर्षांत एक दिवस न चुकलेली बाई नेमकी आजच गायब, म्हणजे टायपिंगही कंसमामांच्याच गळ्यात. साडेदहापर्यंत सगळे थकले होते. विमानं पकडायची होती. पण निदान एका परिच्छेदावर एकमत झाल्याशिवाय सभा संपवता येत नाही आणि बाहेर वार्ताहर खोळंबलेले. अध्यक्षांनी अख्खा मसुदा चाळला. ज्यात कुणाचंच काही जात नाही असा परिच्छेद त्यात एकच होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी, टाळ्यांच्या कडकडाटात, परिच्छेद तेरा मंजूर झाला: 'तात्यांना, राष्ट्रीय परिस्थिती लक्षात घेऊन, शक्यतो शनिवारी, सकाळी आठच्या सुमारास दवाखान्यात नेण्याच्या प्रयत्नांना प्रोत्साहन द्यावे.' बारावा दोन वर्षांनी भरणाऱ्या पुढच्या सभेकडे गेला. बेटवाला टाळ्या न वाजवता निघून गेला. कंसमामांनी कंस खोडला. अकरा वर्षांत त्यांनी खोडलेला हा पहिला कंस. भिंतीवरचं घड्याळ बघायची त्यांना हिंमत होईना.

घरी पोचायला एक वाजला. आपण तात्यांना काय तोंड दाखवणार, या विचारात त्यांनी कुलूप उघडलं. तात्या पलंगावर बसले होते. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. शेजारच्या खुर्चीत टायपिस्टबाई थेंबांच्या बाटल्या क्रमाने लावत होत्या.

"बाई? तुम्ही?"

"मसुद्यात लिहिलं होतं ना," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं टाइप करतेय साहेब. लिहिलेलं काहीतरी होताना एकदा तरी बघावं म्हटलं."

"पण तात्या, तुम्ही परक्या माणसाबरोबर..."

"परक्या कशाने?" तात्या म्हणाले. "'साहेबांना यायला उशीर होईल', हा फोन रोज संध्याकाळी कोण करतं? तुझ्यापेक्षा यांचाच आवाज मी जास्त ऐकलाय. आज तू गेल्यावर सातला पुन्हा फोन आला. मला वाटलं, नेहमीचंच. तर म्हणाल्या, खाली या, रिक्षा उभी आहे." ते जरा थांबले. "काय ठरलं तुमचं?"

"तुम्हाला दवाखान्यात न्यायचं ठरलं. एकशे त्रेचाळीस देशांनी. एकमताने."

"आणि आल्या एकट्या बाई," तात्या म्हणाले.

कंसमामा मटकन पलंगाच्या कडेवर बसले. बाईंनी थेंबांच्या वेळा सांगितल्या आणि चपला घालता घालता दारातून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी पट्टी तपासायला बोलावलंय, साहेब. सकाळी आठलाच."

कंसमामांचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला.

"लिहू नकोस," एका डोळ्याने बघत तात्या म्हणाले. "नुसता ये."