बशीरभाईंचा टेस्टिंगचा नंबर

बशीरभाई टेलिफोनची वायर चाटून बिघाड सांगत. नोकरी लाईनमनची. भिंतीवरची डबी उघडायची, वायरची दोन टोकं जिभेला लावायची, डोळे मिटायचे, की निदान तयार. "खारट लागतीया. खांबावर पाणी शिरलंय." आमच्या शेजाऱ्यांची वायर चाटून तर म्हणाले, "हितं सासू-सुनंचं बोलणं बंद हाय." आणि ते खरंच बंद होतं. लातुरात शिकवणी कशाचीही लागायची. यांनी जिभेचा क्लास काढला असता तर डॉक्टर रांगेत उभे राहिले असते.

भूकंपाला काही वर्षं उलटली होती. जिथं फळा टांगता येईल तिथं क्लास निघाला होता. आमच्या थोरलीची बारावी म्हणून मी कॉम्प्युटर आणला, इंटरनेट घेतलं. जोडणी करताना मॉडेम असा किंचाळायचा की गल्लीतल्या दोन म्हशींनी पान्हा चोरला. आणि एवढं किंचाळून लाईन कट.

बशीरभाई आले. वायर चाटली. "लाईन गोड हाय, सर. आता टेस्टिंगचा नंबर लावतो. ह्या मॉडेमच्या डब्ब्यातूनच लावा, समद्यांना ऐकू येऊ द्या."

हा नंबर गल्लीला ठाऊक होता. कुणाचाही फोन दुरुस्त केला की ते तोच लावत, बोटांवर अकरा रिंगा मोजत आणि ठेवून देत. आज मॉडेमच्या भोंग्यातून ती रिंग भरदुपारी घरभर घुमली.

"उचलत नाही की कुणी," मी म्हणालो.

"उचलायला कोन हाय? आपाचा नंबर हाय. गावातला पहिला फोन, म्या बसवलेला."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. भूकंपात बशीरभाईंच्या गावात भिंत म्हणून उभी राहिली नव्हती. थोरली बहीण, त्यांची आपा, त्यातच गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. नंबर तिचा, हे नव्हतं.

सातवी रिंग. आठवी.

"मग वाजतंय कुठं?" मी विचारलं.

"रिंग घरात न्हाई वाजत, सर. तालुक्याचं एक्स्चेंज शाबूत हाय, ते आपल्या कानात वाजवतंय. तिकडं वायर तुटू द्या, खांब पडू द्या, वाजतच ऱ्हातंय. मला काय, कळत न्हाई व्हय?"

"आणि अकराच का?"

"आपाचे गुडघे धरलेले. खाटंवरून उठून फोनपातूर यायला अकरा लागायच्या."

अकरावी झाली. त्यांनी फोन ठेवायला लावला, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनचा नीट न बसलेला रिसीव्हर बसवला, आणि इंटरनेट चालू झालं.

दोन महिन्यांनी पुन्हा बिघाड. पुन्हा तोच नंबर. पहिली रिंग. दुसरी. आणि कुणीतरी उचलला.

तिकडून किंकाळी आली. आमच्या मॉडेमनंही तशीच दिली. दोघं एकमेकांशी बोलू लागले, खरखरत, घासत, दगडाखालून यावं तसं. थोरली मला बिलगली.

मला कळायला वेळ लागला. बशीरभाईंना नाही लागला. फोनला वेटिंग लिस्ट होती. आपाचा पडून असलेला नंबर तालुक्यातल्या कुठल्यातरी क्लासला मिळाला होता, आणि त्यांनीही मॉडेम बसवला होता.

बशीरभाई वाकून भोंग्याला कान लावून राहिले. आवाज आपोआप संपला, तेव्हा कुठं उठले.

"इतक्या लौकर उठत नव्हती आपा," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वायर चाटली नाही.

दुपारी चारनंतर इंटरनेट लावायचं नाही, असा आता आमच्या घरात हुकूम आहे. थोरली चिडते, "पप्पा, सगळ्यांच्या घरी चालतं." पण त्या वेळी दुरुस्तीवर असणाऱ्या बशीरभाईंना मीच सांगून ठेवलंय, टेस्टिंगला आमचा नंबर लावत जा म्हणून. फोन वाजतो. मी शेजारीच बसलेला असतो, गुडघेही ठणठणीत आहेत. अकरावीला उचलतो.



"लाईन चांगली हाय, सर," ते म्हणतात.