गुलाबअण्णांची काठी

आमच्या साइटवरचे गुलाबअण्णा माणसाशी बोलण्याआधी त्याच्या पायाखालची लादी वाजवून बघतात. हातात कायम वेताची काठी, टोकाला लोखंडी गोळी. टक् वाजलं तर लादी पास. बद्द वाजलं तर खाली सिमेंटचा माल कमी, लादी नापास. इथवर ठीक, त्यांचं कामच ते. पण हे गृहस्थ कलिंगड वाजवतात, लग्नातलं स्टेज वाजवतात, आणि गेल्या वर्षी आमच्या उधन्याच्या घरी जेवायला येऊन त्यांनी भाकरी वाजवली. वर माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, शंभरात अडतीस. कडा कच्च्या आहेत.” त्या दिवसापासून आमच्या घरात अण्णांचं नाव काढायची सोय राहिली नाही.

डिंडोलीच्या या साइटवर प्रत्येक पोटठेकेदाराला दर महिन्याला मार्क मिळतात. मार्क अण्णा देतात, कॉम्प्युटरवर मी चढवतो. जो चाळीसच्या खाली गेला, त्याला पुढच्या टॉवरचं काम नाही. कंपनीला वाटलं, यानं शिस्त लागेल. लागली ना! अण्णा दिसले की प्लंबर जिना बदलतात. रंगवाल्याला ते विचारतात, “भिंतीला पावडर लावलीस, रंग कधी लावणार?” आमचे गुजराती इंजिनियरसाहेबसुद्धा “काका, थोडं चालवून घ्या” म्हणून हात जोडतात. अण्णांचं उत्तर ठरलेलं. “साहेब, कागद गप्प बसेल, लादी नाही बसणार.”

गेल्या महिन्यात लादीवाल्या दौलतला त्यांनी एकोणचाळीस दिले. एकोणचाळीस! दौलत शिरपूरकडचा, गावाहून आठ माणसं घेऊन आलेला. टॉवर हातचा गेला तर नऊ जणांनी जायचं कुठं? बिचारा एवढंच म्हणाला, “अण्णा, मना काय चुकनं?” अण्णांनी त्याला सातव्या मजल्यावर नेलं आणि लाद्यांवरच्या खडूच्या फुल्या दाखवल्या.

माझं डोकंच फिरलं. “एका मार्कासाठी अडवता? देवळात नारळ फोडतानाही वाजवून घेता वाटतं?”

“घेतो की,” अण्णा म्हणाले. “मार्कांचा फॉर्म सोमवारी जातोय ना? तोवर आकडा चढवू नकोस.”

रविवारी साइट बंद. मी विसरलेला चष्मा आणायला गेलो, तर वरून ठोकाठोक ऐकू आली. सातव्या मजल्यावर पाहतो तो अण्णा! पँट गुडघ्यापर्यंत, हात सिमेंटनं भरलेले, दौलतच्या शेजारी उकिडवे बसलेले. फुल्या मारलेल्या लाद्या उखडून दोघं नव्यानं बसवत होते. “माल कोपऱ्यापर्यंत जाऊ दे, दौलत. घाई नको रे बाबा.” हा अण्णांचाच आवाज आहे, हे मला पटेना.

सोमवारी त्यांनी सगळा मजला पुन्हा वाजवला आणि आकडा दिला, बेचाळीस.

“एवढंच? एकही लादी बद्द नाही आता!”

“त्यातल्या पाच मी बसवल्यात. त्यांचे मार्क त्याला कसे देऊ?”

आता या माणसाला म्हणावं तरी काय!

दौलत हसत हसत गेला. अण्णा काठी पुसत बसले. “माझा धाकटा भाऊ पण लादीच बसवायचा. पलसाण्याच्या कामावर मी त्याला नापास केला. मार्क बरोबर होते रे. पण मार्क दिले आणि सरळ घरी गेलो. त्याच्याशेजारी बसलो नाही. तो गावी निघून गेला. अजून फोन उचलत नाही.”

जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. नवागामच्या खोलीत हा माणूस एकटा राहतो, हे मला ठाऊक होतं. कधी मनावर घेतलं नव्हतं, एवढंच.

“आज घरी जेवायला चला,” मी म्हणालो.

“आणि वहिनी?”

“बघू.”

आमच्या उंबऱ्याजवळची लादी अण्णांचा पाय पडताच बद्द वाजली. मी डोळेच मिटले. अण्णा काठी बाहेर टेकवून मुकाट आत आले. बायकोनं ताटात भाकरी आपटली. “घ्या, वाजवा.”

अण्णांनी मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. “वहिनी, भावाच्या घरी मार्क नसतात.”

पुढची भाकरी बायकोनं कडा दाबून दाबून भाजली.