तात्पुरता दात आणि सात महिन्यांचं सफरचंद

मोजमाप हाच माझा व्यवसाय, त्यामुळे माझी फजिती होत नाही, असं मी एकोणीस वर्षं अभिमानाने सांगत आले. टास्मानियातल्या ह्युऑन खोऱ्यात, फळसंशोधन केंद्रात मी सफरचंदांच्या नव्या जाती तयार करते. चौऱ्याऐंशी क्रमांकाच्या जातीत तर माझी अख्खी नोकरी खर्ची पडली.

नेमकं तिच्या शेवटच्या परीक्षेआधी सहा आठवडे माझ्या वरच्या दाताचं मूळ तडकलं. पुढच्याच! दंतवैद्य यानेके यांनी दात काढून हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला.

"नुसती फट ठेवली असती तर?" मी विचारलं.

"मूळ गेलं की हाडाला काम उरत नाही. ते झिजतं, शेजारचे दात फटीत कलतात. स्क्रू हाडाला कामाला लावतो. पण दोघांचं जुळायला चार महिने लागतील. तोवर टाळूवरच्या पट्टीला चिकटवलेला हा तात्पुरता दात. फक्त दिसायला! खाताना काढून ठेवायचा."

"अहो, कलमं जुळवण्यात माझी हयात गेली. मला सांगता?"

परीक्षेत सगळ्यांसमोर फट दाखवायची नव्हती, म्हणून दात घालूनच बसायचं ठरवलं. योजना चोख होती. उजव्या सुळ्याने, बाजूने चावायचं. घरी अकरा सफरचंदांवर सराव केला. दात जागचा हलला नाही!

अडचण होती नियमांची. परीक्षकांनी, म्हणजे मीही, फळ पुढच्याच दातांनी तोडायचं, सुरी चालणार नाही. चावलेली फळं थाळीत जमा करायची, कारण तुटलेल्या जागेवरून कुरकुरीतपणा कळतो. आणि थाळी टेबलावर येईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. हे नियम मीच लिहिलेत. ठळक अक्षरांत!

समोर मेलबर्नहून आलेली खरेदी अधिकारी लोरेन बसली. थाळी घेऊन बागायतदार केल डगन उभा. केलने माझ्या भरवशावर चार हेक्टरांतली जुनी झाडं उपटून चौऱ्याऐंशी लावलं होतं. शीतगृहात सात महिने काढलेलं हे फळ लोरेनने घेतलं तर ठीक, नाहीतर ती झाडंही उपटायची.

मी सुळा पुढे केला. लोरेन माझ्याकडेच बघत होती. नियम लिहिणारी बाईच बाजूने चावणार? मी फळ सरळ धरलं आणि चावले.

जिभेने चाचपलं. पट्टी होती. दात नव्हता!

तोवर केलने माझं फळ थाळीत घेतलं होतं. मी दोन्ही हात हलवले, त्याची बाही ओढली. त्याने ओठांवर बोट ठेवून मलाच माझा नियम दाखवला!

थाळी टेबलावर आली. लोरेनने उचललं ते माझंच.

"यात काहीतरी पांढरं आहे. टणक."

"खडा असेल," केल म्हणाला.

"सफरचंदाच्या आत खडा? केल, तुझ्या बागेत चाललंय तरी काय?"

"माझ्या बागेत? हे यांच्या प्रयोगशाळेचं पिल्लू! ब्रॉन, काय काय मिसळलंस गं यात?"

"हे एखाद्याच्या घशात अडकलं तर? सगळा माल बाद!" लोरेनने पेन उघडलं.

केलचा चेहरा गारपिटीनंतरच्या बागेसारखा झाला. मी वरचा ओठ उचलून फट दाखवली.

"डावीकडचा पहिला," मी म्हणाले. "तात्पुरता."

केल खुर्चीला धरून हसला. "आणि आम्हाला हात तीनदा धुवायला लावते, बाई!" लोरेनही हसली. पेन मिटलं. मीसुद्धा हसले, फटीसकट. चार हेक्टर वाचली!

मग लोरेनने फळ पुन्हा उजेडात धरलं.

"ब्रॉन, कुरकुरीत फळ दात पुरता आत जायच्या आधीच तडकतं ना?"

"हो."

"हा दात आत रुतलाय. ओढताना त्याने पट्टी सोडली, पण फळाने दात सोडला नाही. हे रबर झालंय गं."

तिने पेन पुन्हा उघडून 'नापसंत' लिहिलं. निरीक्षण अचूक होतं आणि पुरावा माझ्याच तोंडातला.

केलनेच मला गाडीतून यानेकेंकडे नेलं. त्यांनी क्ष-किरण फोटो काढला. स्क्रू जागचा हलला नव्हता. "हाड छान धरतंय. पक्का दात बसला की हवं ते कडक खा!"

बाहेर केल गाडीला टेकून उभा होता.

"जुळतंय?"

"जुळतंय."

"चला, निदान एक तरी." मग त्याने गाडीचं दार उघडलं. "ब्रॉन, चौऱ्याऐंशीचं लाकूड शेकोटीत जळतं तरी बरं का गं?"

"उत्तम," मी म्हणाले. त्याचेही आकडे माझ्याकडे होते.