अनुसाकाकूंची बिनपाण्याची बाग

कोरेगावच्या रोपवाटिकेत अनुसाकाकूंनी एका रोपावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यो पितो किती?"

मालकाची बायको मागेच उभी होती. मालक खाली बघत म्हणाला, "सोडली आवं, दिवाळीपासनं."

"तुझं न्हाई, शेवग्याचं इचारतीय."

अनुसाकाकू आमच्या शेजारी एकट्याच राहतात. माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी. उसाच्या मुलखात जन्म गेला, तरी पाहुण्याने पेल्यात घोटभर पाणी शिल्लक ठेवलं की त्यांचा जीव खालीवर होतो. दारात कोरफड, कण्हेर, सदाफुली. बुंध्याशी ओल धरायला उसाचं पाचट अंथरलेलं. नवं रोप वर्षभर लाडात. शेजारी छोटं मडकं पुरून ठेवायचं, थेंब थेंब पाझरायला. वर्ष सरलं की काकू मडकं काढून घेतात आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात, "आजपास्नं ह्याला तोडला." अंगावरचं पोर तोडावं तसं.

आमच्या हिच्या गुलाब-मोगऱ्याच्या कुंड्या बघून म्हणायच्या, "लय लाडावल्यात ह्या."

मेमध्ये भाचीच्या लग्नाला आम्ही दहा दिवस नागपूरला गेलो. चावी काकूंकडेच ठेवावी लागली. "त्या सगळ्यांना तोडणार बघा," बायको अख्खा प्रवास म्हणत होती.

परत आलो तर मोगरा फुललेला, कुंड्या ओल्या. समोरच्या दुकानदाराने सांगितलं, चार दिवस नळाला पाणी नव्हतं. काकू हापशावरून कळश्या वाहत होत्या.

मी गेलो तेव्हा त्या उंबऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"काकू, स्वतःच्या झाडांना थेंब देत नाही, आणि आमच्यांसाठी एवढं?"

"तुमच्या झाडास्नी सवय हाय मास्तर, रोज कुनीतरी येतंय म्हनून. एकदम कुनीच आलं न्हाई तर कसं वाटंल त्यास्नी?"

"आणि तुमच्यांना?"

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पोरगं फौजेत, तिकडं आसामात. सून, नातवंडं त्याच्यासंगं. मी हाय तवर घालीन की पानी. पर माज्या मागं दाराला कुलूपच. मग ह्यांनी कुनाची वाट बघायची? आपलं आपन जगाया आलेलं बरं."

मी उठायला लागलो, तशा पदराला हात पुसत म्हणाल्या,

"परत कवा जायाचं हाय तुमास्नी गावाला?"