फिनेलबहाद्दरांनी जंतूंशी तह केला त्याची हकीकत

सकल पोटकरी मंडळींस विदित व्हावे की, ज्यांचे पोट ठिकाणावर त्यांस इतिहासाची गरज नाही आणि ज्यांचे बिघडले त्यांस बसोन वाचावयाची सवड नाही; तथापि खासे फिनेलबहाद्दर यांणी दह्याच्या वाटीपुढे शस्त्र ठेविले तो प्रसंग मोठा, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे.

फिनेलबहाद्दर म्हणजे शहराच्या आरोग्य खात्याचे निवृत्त निरीक्षक. हा किताब बाजारातील हॉटेलवाल्यांनी दिला, पाठीमागे दिला, परंतु यथायोग्य दिला. एकतीस वर्षे त्यांणी जंतूंचा मुलूख जाळिला. खासा स्वारी भटारखान्यात शिरली की आचारी घामाघूम व्हावे, आणि घरी तर फर्मान असे की, उकळल्याविना कोणी काही मुखी घालू नये. ऐसा दरारा. मग दैवाची गोष्ट, अक्कलदाढ सुजली. दातांचे डॉक्टर यांणी सात दिवस जालीम गोळ्या दिल्या, त्यांणी दाढेतील गनीम मारिला आणि जाता जाता पोटातील इमानी शिपाईही कापून काढिले. दाढ राहिली, पोटाचे राज्य बुडाले. बहाद्दर कोपऱ्यावरील वाण्यापलीकडे जाईनात, कां की तेथून घरचा संडास धावत चाळीस पावले, आणि एकेचाळिसाव्याचा भरवसा नव्हता.

यात एक दुःख खरे होते. बहाद्दरांची थोरली बहीण आक्का बसने चार तासांवर एकटी राहात. आई गेल्यावर आक्कांनीच यांस वाढविले; आता एका डोळ्याने दिसेना, दुसऱ्याने अंधुक. दर रविवारी फोन येई, "येतोस ना रे?" आणि बहाद्दर म्हणत, "पुढच्या रविवारी नक्की." ऐसे सोळा रविवार गेले. कारण सांगावयाची लाज वाटे. फोन ठेवून उगाच खिडकीची काच पुशीत बसत.

तेव्हां पोटाचे डॉक्टर यांणी हुकूम फर्माविला की, रोज वाटीभर ताजे दही खावे, जिवंत जंतू पोटी गेले पाहिजेत. ज्यांस जन्मभर कापिले त्यांसच पाहुणे म्हणोन आत घ्यावे, हे ऐकोन बहाद्दरांचा चेहरा उतरला. घरात मात्र मसलतीस ऊत आला. चिरंजीव यांणी गोळ्यांची कुमक आणिली. डबीवर अब्जावधी जंतू लिहिले होते, मोजणाराचे नाव लिहिले नव्हते. सूनबाईंनी आंबवलेल्या कोबीची बरणी मांडिली, आणि मोबाइलवरील कोणी तज्ज्ञ बाई यांचे हवाल्याने कळविले की, येणेकरोन पोट सुधारते, केस उगवतात, राग जातो आणि नोकरीत बढती होते. बहाद्दर निवृत्त, सबब बढतीचे कलम गैरलागू ठरले. राग तर बरणीचे झाकण उघडताच वाढला.

अखेर दही पत्करिले. वाटी घेवोन बहाद्दर रोज दुपारी स्वयंपाकघरात एकटेच जात आणि पुसलेल्या मिशांनी बाहेर येत. तीन आठवडे मोहीम चालली, आणि पोट तिळमात्र हलेना, म्हणजे हलावयाचे थांबेना. बहाद्दरांनी जाहीर केले की, दही हे थोतांड आहे.

इतकियात बाईसाहेब, म्हणजे बहाद्दरांचे कुटुंब, यांजकडील विरजण सरले. बहाद्दरांच्या वाटीत तळाशी चमचाभर दही उरले होते, तेच त्यांणी संध्याकाळी कोमट दुधात कालविले. सकाळी झाकण काढितात तो दूध जैसे होते तैसे. चाळीस वर्षांत बाईसाहेबांचे दही कधी फसले नव्हते! त्यांणी तपास मांडिला, आणि मग ओट्याखाली, जुन्या परातीमागे, एक लहान पातेले सापडले, बुडाशी दही करपलेले. बहाद्दर रोज वाटी उकळोन, निर्जंतुक करोन खात होते.

"अहो, डॉक्टरांनी जंतू जिवंत खायला सांगितले ना? तुम्ही तर त्यांचा काढा करून प्यालात!"

"सवय गं," बहाद्दर हळूच बोलिले. "भीती वाटते मला."

त्यावर बाईसाहेब रागे भरल्या नाहीत. शेजारणीकडून विरजण आणोन दही लाविले, आणि दुसरे दिवशी वाटी पुढे ठेवोन समोर बसल्या. बहाद्दरांनी डोळे मिटोन पहिला चमचा गिळिला आणि मरणाची वाट पाहिली. मरण आले नाही. मग दुसरा, मग तिसरा. पंधरा दिवसांत कोपरा ओलांडिला, मग बाजार सर केला, मग शहरातल्या बसने शेवटल्या थांब्यापर्यंत जाऊन फौज पारखिली. चिरंजीव म्हणाले गोळीचा गुण, सूनबाई म्हणाल्या कोबीचा. बाईसाहेबांनी भांडी घासावयास घेतली.

मग चोविसाव्या रविवारी बहाद्दर चार तास बसमध्ये बसोन, मध्ये कोठेही न उतरता, आक्कांचे दारी पोहोचले. आक्कांनी चाचपडत तोंडावरून हात फिरविला, आणि लगबगीने आत जाऊन वाटी आणिली. वाटीतून वाफ येत होती. दही फुटोन चोथापाणी जाहले होते.

"घाबरू नकोस, चांगलं उकळलंय. तूच शिकवलंस ना, नोकरी लागली तेव्हा? त्या दिवसापासून मी थंड दही खाल्लं नाही बघ."

हीच आक्का लहानपणी दह्याचे भांडे बोटांनी चाटोन मार खात असे. तो कढत चोथा बहाद्दरांनी शेवटल्या घोटापर्यंत संपविला, आणि म्हणाले, "आक्का, माझं चुकलं गं."

मग पिशवीतून बाईसाहेबांनी दिलेली विरजणाची डबी काढिली आणि आपल्या हाते दूध विरजिले. दुसरे दिवशी सकाळी सुरीने कापावे ऐसे दही लागले. आक्कांनी ते थंडगार खाल्ले, चमचा चाटिला, मग वाटी चाटिली, आणि विचारिले, "अजून आहे का रे?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गनिमांस अभय दिल्हे, एकतीस वर्षांचे फर्मान रद्द जाहले, आणि तहावर शिक्का म्हणोन आक्कांचे बोट दह्यासकट बहाद्दरांचे गालावर उमटले. बहाद्दरांनी ते पुसले नाही.